टिलसनचे खांब

१९५१ साली आमच्या टिलसन कॉलेजचा फुटबॉल संघ सातपैकी सात सामने हरला होता. त्यातले तीन निव्वळ एका गुणाने, आणि ते तिन्ही गुण माझ्या पायाने घालवले होते. आमच्या नेब्रास्कात चेंडू छातीशी धरायचा आणि समोरच्यांना तुडवत पलीकडची रेघ गाठायची, की सहा गुण. मग एकच लाथ. चेंडू दोन खांबांमधून गेला की सातवा. ती लाथ मारणारा मी, नॉर्बर्ट. माझा चेंडू दर वेळी खांबाच्या दोन पावलं डावीकडून जायचा. मी वाऱ्याला दोष दिला, बुटाला दिला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

शेवटचा सामना केंडर कॉलेजशी होता. आमच्या विश्वस्तांनी बजावलं होतं, हंगामात एक तरी विजय दाखवा, नाहीतर पुढल्या वर्षी संघ बंद.

कोच लोफग्रेननी आठवडाभर मला एकच गोष्ट घोकायला लावली. "नॉर्बी, खांब दिसले की तुझी गाळण उडते. तिकडे बघूच नकोस. मागे मधोमध गावाची पाण्याची टाकी दिसते ना? तिच्या पोटात लाथ घालायची."

"आणि वारा आला तर?"

"तर टाकी हलणार आहे का, गाढवा?"

शनिवारी केंडरने आधी सहा गुण केले. त्यांची सातव्या गुणाची लाथ आमचा कप्तान ड्वेन कुबिचेक याने नाकावर झेलली. नाक गेलं, पण गुण वाचला. आणि अगदी शेवटच्या क्षणी त्याच रक्ताळलेल्या नाकाने त्याने रेघ गाठली. सहा-सहा! वेळ संपली होती, पण माझी लाथ बाकी होती.

जिंकल्यावर लाकडी खांब उपटून गावभर मिरवायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. तीन वर्षांत कुणाला ती संधी मिळालीच नव्हती, म्हणून माझ्या लाथेची वाट न बघताच पोरं खांबांवर तुटून पडली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! नारे देणाऱ्या मुलींची म्होरकी मार्डेल सगळ्यांत पुढे. बघता बघता खांब पेट्रोल पंपापर्यंत पोचलेसुद्धा.

पंच होते मिस्टर प्लॅगमन. एरवी शेजारच्या गावात प्रेतपेट्या विकत, त्यामुळे घाई कशाशी खातात ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी रिकाम्या मैदानाकडे शांतपणे पाहिलं. "लाथ मारायची आहे. खांब कुठायत?"

कोच रस्त्याकडे धावले. "मार्डेल! कार्टे, आण ते परत! अजून जिंकलो नाही आपण!"

खांब आले, पण खड्डे ढासळले होते. शेवटी मार्डेल धरून सोळा जण उभे राहिले, एकेका खांबाला आठ.

"ही काय वरात आहे?" केंडरचे कोच ओरडले.

प्लॅगमननी नियमांचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. "खांब उभे हवेत. कुणी धरायचे ते लिहिलेलं नाही."

ड्वेनने गुडघा टेकून चेंडू धरला. "नॉर्ब्या, हा चुकलास तर तुझंही नाक माझ्यासारखं करीन."

मी फक्त टाकी बघितली. लाथ बसली त्या आवाजावरूनच कळलं. चेंडू सुतासारखा सरळ टाकीकडे निघाला, आयुष्यात पहिल्यांदा! मी दोन्ही हात वर केले. पण कोणी ओरडेना. नजर खाली आणली, तर खांब माझ्या डाव्या हाताला चांगले पाच पावलं सरकलेले, आणि त्यांच्याखाली सोळा जणांची तोंडं उघडी.

"बाहेरून गेला," प्लॅगमन म्हणाले.

"अहो, खांब सरकले!" कोच किंचाळले.

"कुणी सरकवले?"

कोचनी त्या सोळा जणांकडे पाहिलं आणि टोपी काढली.

विश्वस्तांना विजय हवा होता, बरोबरी नव्हे. आमचा संघ संपला होता. मी चिखलात फतकल मारून ढसाढसा रडलो, त्याची मला आजही लाज वाटत नाही. मार्डेल आली. तीही रडत होती, पण रागाने.

"वर्षभर बघतोय आम्ही, तुझा बॉल तिकडेच जातो! मग आज सरळ मारणार आहेस, हे आधी सांगायचं नाही का, मेल्या?"