टेकडीवरचे बँडिट

उत्तमरावांनी हवाई दलात वीस वर्षं लढाऊ विमानांच्या पंखांखाली क्षेपणास्त्रं बसवली, पण तसल्या विमानात बसायचा योग काही आला नाही. निवृत्त होऊन ते आदिलाबादला आले, ते विमानांचं वेड सोबत घेऊनच. कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पेन्शनचे कागद काढता काढता त्यांनी ते वेड दुकानवाल्या मीनललाही लावलं. दर रविवारी दोघं त्यांच्या जुन्या व्हॅनमधून भीमपूरच्या पुढच्या टेकडीवर जायची, दुर्बिणीतून विमानं बघायची आणि वैमानिकांच्या बोलीत एकमेकांची परीक्षा घ्यायची.

मे महिन्यातला तो रविवार. सरहद्दीवर चकमकी चालल्या होत्या, आणि गावोगावच्या मोबाईलवर हेर फिरत असल्याच्या अफवा.

"काका, उत्तरेला बोगी!"

"बोगी काऊन म्हणलं?"

"कोणाचं हाय ते कळलं नाही म्हणून. दुश्मनाचं हाय असं पक्कं झालं की बँडिट."

"अन् उष्णतेचा माग काढणारं क्षेपणास्त्र सोडताना?"

"फॉक्स टू!" मीनल हसत ओरडली. "आता सगळा दारूगोळा संपला. विंचेस्टर!"

खाली बैल चारणाऱ्या माणसानं एवढं ऐकलं आणि फोन कानाला लावला.

अर्ध्या तासात पंचवीसेक माणसं टेकडीवर चढली. पुढं भारत नावाचा तिशीतला दांडगा गडी होता. त्यानं मीनलच्या हातून मोबाईल हिसकला आणि दोघांचे मेसेज मोठ्यानं वाचले.

"'आज दोन बँडिट पाडले.' कोणाले पाडलं वो? कोणाचे माणसं तुमी?"

"बाबा, हा खेळ हाय आमचा," उत्तमराव शांतपणे म्हणाले. "मी फौजी माणूस." त्यांनी खिशातून ओळखपत्र काढून पुढं धरलं.

भारतनं ते पाहिलंसुद्धा नाही. "असे कार्ड आदिलाबादले शंभर रुपयात भेटतेत!"

पहिली काठी खांद्यावर बसली, दुसरी तोंडावर. उत्तमराव गुडघ्यांवर आले, दातांसकट रक्त थुंकले आणि तरीही ओळखपत्र वर धरून राहिले. कुणीतरी त्या हातावरच दगड घातला. मीनल मध्ये पडली तेव्हा एकानं तिचे केस धरून तिला फरफटत बाजूला नेलं आणि पोटात लाथ घातली. तिचा श्वास कोंडला. तेवढ्यात दुर्बिणीचा पट्टा भारतच्या हातात आला. त्यानं ती जड दुर्बीण गरगर फिरवून उत्तमरावांच्या डोळ्यावर हाणली. आवाज ओला होता.

व्हॅन मीनलनंच चालवत आणली होती. किल्ली तिच्या खिशात होती. सगळे म्हाताऱ्याभोवती गोळा झालेले पाहून ती रांगत व्हॅनपाशी गेली, आत चढली, गाडी चालू केली आणि हॉर्न दाबून धरत सरळ गर्दीच्या कडेवर घातली.

माणसं वाट फुटेल तिकडे पळाली. भारत पळाला नाही. दुर्बीण उगारून तो मध्येच उभा राहिला. बाजूला व्हायला त्याला वेळ होता. ब्रेक दाबायला तिलाही होता. तिनं दाबला नाही. चाक त्याच्या पायावरून गेलं, आणि हाड मोडल्याचं तिला हॉर्नमधूनही ऐकू आलं.

मग टेकडीवर तिघंच उरली. उत्तमरावांना तिनं काखेत हात घालून मागच्या सीटवर ओढलं. दार लावणार तेवढ्यात भारत ओरडला, "ताई, मले टाकून नोको जाऊ! मेलो मी!"

"मर!" ती म्हणाली.

"घे त्याले." उत्तमराव कसेबसे म्हणाले. "घे, पोरी."

तिनं त्याला कॉलर धरून चढवलं. आदिलाबादपर्यंत दोघांचं रक्त एकाच सीटवर सांडत राहिलं. वाटेत भारतनं रडत विचारलं, "बाबा, खरंच फौजी व्हय तुमी?" उत्तमरावांची शुद्ध हरपली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी उत्तमरावांचा डावा डोळा काढला, आणि भारतचा पाय गुडघ्याखाली कापला. पोलिसांनी विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

"मी," मीनल म्हणाली.

"ब्रेक लागला नाही का?"

शेजारच्या खाटेवरून भारत तिच्याकडे बघत होता. तिला खोटं बोलता आलं असतं.

"लागत होता," ती म्हणाली. "मी दाबला नाही."

दोन्ही बाजूंनी गुन्हे दाखल झाले. उत्तमराव पट्टी बांधून प्रत्येक तारखेला तिच्यासोबत कोर्टात येतात. एकदा भारतची आई जयवंताबाई तिथंच मीनलपुढं येऊन उभी राहिली. म्हणाली, "माह्या पोरानं लय वाईट केलं. पण तुले दया नाही आली का वो, बाई?"

मीनलनं तिला बाकावर बसायला जागा करून दिली. दया आली नव्हती, आणि अजूनही येत नव्हती. याचीच तिला भीती वाटत होती, पण हे त्या म्हातारीला कसं सांगावं, ते तिला कळलं नाही.