पातळ डिंकाचा आळ

मित्रांनो, जरा भरभर सांगतो. एका जागी गप्प बसणे माझ्या स्वभावात नाही. मी एक जुना स्टरर आहे. स्टरर म्हणजे ढवळणारा. वर नारळाएवढी मोटर, तिच्याखाली स्टीलची लांब दांडी आणि दांडीच्या टोकाला चार पाती. दांडी भांड्यात सोडायची, बटण फिरवायचे, की मी सुरू! सुरू असलो की मी खुशीत असतो. बटण बंद झाले की जीव कासावीस होतो.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे एका माणसाने मला तासभर पाण्यात फिरवून पाहिले आणि “आवाज गोड आहे” असा शेरा दिला. त्या शेऱ्यावर मी पुढे बरीच वर्षे फुशारकी मारली. पण नशिबी आले कॉलेजातले कपाट. वर्षातून वीस दिवस प्रयोग आणि उरलेले दिवस अंधार. नुसत्या बसण्याने माझे बेअरिंग आंबून गेले. शेवटी कॉलेजात नवे यंत्र आले आणि तिथे रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई नोकरी सोडताना मला मागून घेऊन गेल्या. सगळे त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताईंनाही स्वस्थ बसवत नसे. बोलता बोलता येरझाऱ्या घालायच्या, पेन टेबलावर आपटायचे, चहा घ्यायचा विसरायचा आणि मग तो गार झाला म्हणून चिडायचे. गहू काढल्यावर उरलेले काड लोक जाळून टाकतात, हे त्यांना बघवत नव्हते. त्या काडापासून डिंक करायचा, असे त्यांच्या मनाने घेतले होते. त्यांच्या मोठ्या भावाने, म्हणजे दादांनी, ट्रॅक्टर ठेवायची आपली शेड त्यांना एका वर्षासाठी दिली. देतानाच बजावले, “गिऱ्हाईक मिळालं तर शेड तुझी. नाही मिळालं तर वर्ष संपताच रिकामी कर आणि निमूटपणे परत शिकवायला लाग.”

शेडमध्ये मदतीला काका होते. पूर्वी पिठाच्या गिरणीत फिटर होते. ते काड बारीक कापून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात शिजवत. पाणी काळ्या चहासारखे होई आणि मागे मऊ लगदा राही. मग तो धुवायचा, ब्लीचमध्ये घालून उजळ करायचा, अल्कोहोलमध्ये भिजवायचा आणि त्यात एक तिखट वासाचे रसायन मुरवायचे. हे सगळे ढवळायला मी! शेवटी तो धुऊन, वाळवून त्याची पूड करत. एरवी हे काड महिनाभर पाण्यात ठेवले तरी विरघळत नाही, पण ही पूड पाण्यात टाकली की विरघळून दाट डिंक होई. पूड मात्र चिमूट चिमूट टाकावी लागे आणि मला थांबून चालत नसे. थांबलो की गाठी झाल्याच म्हणून समजा, बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या.

पहिला डिंक असा काही घट्ट झाला की मला घाम फुटला. मी घर्र घर्र करत होतो आणि मनातून हरखलो होतो. पण दादा आले, त्यांनी भांड्यात डोकावले आणि नाक मुरडले. “हा काय मळकट रंग? गटारातलं पाणी वाटतंय. कोण घेणार हे?”

झाले! ताईंनी ते मनाला लावून घेतले. ब्लीच एकदा होते ते दोनदा झाले, मग तीनदा. डिंक दुधासारखा पांढरा दिसू लागला आणि दुधासारखाच पातळही होऊ लागला. खोक्यांचा कारखाना चालवणारे एक गृहस्थ तेवढे गिऱ्हाईक व्हायला तयार होते. त्यांची अट एकच होती, ओळीने तीन वेळा सारखाच घट्ट डिंक करून दाखवा. इथे तर एकदाही जमेना आणि वर्ष संपायला तीन आठवडे उरले होते.

ताईंनी काड बदलले, पाणी बदलले आणि शेवटी सगळे खापर माझ्यावर फोडले. “काका, याची मोटर दमलीय. हा नीट ढवळत नाही, म्हणून पातळ होतंय. द्या याला भंगारात. मी कॉलेजातून दुसरा मागून आणते.”

मित्रांनो, त्या वेळी मला तोंड असते तर मी भांडलो असतो. मी दमलो नव्हतो हो! उलट मला ढकलायला त्या भांड्यात काही उरलेच नव्हते. किती वाईट वाटले म्हणून सांगू!

काकांनी मला भंगारात दिले नाही. त्यांनी मला त्या पातळ डिंकात फिरता ठेवून स्क्रूड्रायव्हरचे टोक माझ्या अंगाला टेकवले आणि मूठ आपल्या कानाला लावली. गिरणीतली त्यांची ही जुनी सवय. “ताई, दमलेलं यंत्र कण्हतं,” ते म्हणाले. “हा तर शीळ घालतोय. याच्या दांडीवर भारच नाही. तो पहिला मळकट डिंक केला, तेव्हा कसा घुमत होता, आठवतंय?”

ताई येरझाऱ्या घालता घालता जागच्या जागी थांबल्या. मग मटकन स्टुलावर बसल्या. “ब्लीच! अहो काका, काडात साखरेच्या बारीक मण्यांच्या लांब माळा असतात. माळा जितक्या लांब, तितका डिंक घट्ट. आणि ब्लीच नुसता रंग नाही काढत, माळाही तोडतं. शिकवत होते मी हे मुलांना! आणि दादाला रंग आवडेना म्हणून इथे माळा तोडत बसले.”

त्यांनी तिथूनच खोकेवाल्यांना फोन लावला आणि घाबरत विचारले, “डिंक जरा तपकिरी असला तर चालेल का?”

पलीकडचे हसणे मलासुद्धा ऐकू आले. “अहो ताई, माझं खोकंच तपकिरी. त्याला पांढरा डिंक लावून कुठं मिरवायचंय?”

इतके महिने हे विचारायचे कुणालाच सुचले नव्हते.

मग ब्लीच एकदाच. पहिला डिंक जमला, दुसराही अगदी तसाच जमला. तिसरा डिंक करायचा होता खोकेवाल्यांच्या समोर, वर्षाच्या शेवटच्या दिवशी. दादाही आले होते, शेड मोजायला टेप घेऊन.

काका पूड टाकत होते आणि मी फिरत होतो. डिंक दाटत गेला, इतका की एकेक फेरा मारताना नाकी नऊ येऊ लागले. आधीच्या दोन डिंकांचा भार सोसलेली माझी मोटर तापली. जळका वास मला आधी आला, मग काकांना. त्यांनी ताईंकडे पाहिले. निम्मी पूड अजून पडायची होती. मला थांबवले तर गाठी होणार, डिंक वाया जाणार आणि शेडही जाणार. मी मनात म्हणत होतो, जळलो तर जळू दे, पण थांबवू नका!

ताई पुढे आल्या. त्यांनी माझ्या मोटरवर तळहात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग त्यांनी बटण बंद केले.

“अगं, काय करतेस?” दादा ओरडले. “गाठी होतील ना!”

“हा मरेल, दादा. आधीच त्याच्यावर खोटा आळ घेतलाय मी.” त्यांनी माझी दांडी वर उचलली आणि कोपऱ्यातला लाकडी दांडा भांड्यात घातला. “काका, पूड टाका. थांबू नका.”

ताई दोन्ही हातांनी ढवळू लागल्या. दहा मिनिटांत त्यांचे खांदे भरून आले. मग काकांनी दांडा घेतला आणि पूड ताईंकडे दिली. काकांनाही धाप लागली, तेव्हा दादांनी हातातला टेप खाली ठेवला, बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, “सरका.” तासभर तिघे आळीपाळीने ढवळत होते. मी वर टांगलेला, गार होत होतो. मला ते थांबणे आवडले असे खोटे कशाला सांगू? पण माझे काम माणसे करताहेत, तेही माझ्यासाठी, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो.

एकही गाठ झाली नाही. खोकेवाल्यांनी पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या त्या डिंकाने चिकटवल्या, वाळू दिल्या आणि जोर लावून ओढल्या. पुठ्ठा फाटला, जोड सुटला नाही. “पाठवायला लागा,” एवढेच ते म्हणाले.

दादा नळाखाली हात चोळत राहिले. “किती धुतलं तरी बुळबुळतंच आहे गं,” ते कुरकुरले. “राहू दे ही शेड तुझ्याकडे. माझे ट्रॅक्टर घसरतील इथे.” ताई हसता हसता रडल्या.

काकांनी माझी मोटर उघडून नवी तार गुंडाळून घेतली. मी आजही फिरतो, फक्त जड डिंक आला की मधेमधे मला विसावा देतात आणि मी मनातून चरफडतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असे दिवसभर फिरत असेल. यंत्र असेल, नाहीतर माणूस असेल. काम बिघडले तर त्याच्यावर आळ घेण्याआधी एकदा त्याच्यावर तळहात ठेवून बघा. अंग गरम लागले, तर थोडा वेळ तुम्ही ढवळा.