व्हाळाचं तोंड

धोंडू खवणेकराच्या मुलीचं, संचिताचं, लग्न सावंतवाडीला झालं, त्या २०२३ च्या मे महिन्यातच बंदरपेठेच्या नूतनीकरणाची सभा भरली. लग्नातलाच सदरा घालून धोंडू हॉटेलच्या थंडगार हॉलात जाऊन बसला.

खालच्या वाडीमागून येणारा व्हाळ समुद्राला मिळतो, तिथे उन्हाळाभर वाळूचा बांध साचतो आणि पावसाचं पाणी त्यामागे तुंबतं. बांध लवकर फोडला तर भरतीचं खारं पाणी विहिरींत शिरतं, उशीर झाला तर व्हाळ घरांत शिरतो. म्हणून रोझा फर्नांडिसच्या अंगणातल्या धुण्याच्या दगडाला पाणी टेकलं की ती हाक मारायची आणि ओहोटी बघून धोंडू पहिलं खोरं घालायचा. त्याच्याआधी त्याचा बाप घालायचा. नगरपालिकेने यासाठी कधी ठराव केला नव्हता, म्हणून हे काम सुरळीत चाललं होतं.

सभेत पुण्याहून आलेल्या सल्लागाराने भिंतीवर कागद लावून रंगीत गोल काढले आणि एकेका गोलात एकेकाला बसवलं. हॉटेलवाल्याला गाड्या लावायला जागा हवी होती, ती मिळाली. नगरसेवकाला कोनशिला हवी होती, तीही मिळाली. कुठल्याशा संस्थेच्या बाईंना जुन्या होड्यांची बाकडी हवी होती. त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण बाकड्यांनी कुणाचंच काही बिघडत नव्हतं. धोंडू कडेच्या हिरव्या गोलात होता. त्याने शब्द जुळवून शुद्ध मराठीत सांगितलं, की किनाऱ्यावर ही नवी भिंत खुशाल बांधा, पण व्हाळाच्या तोंडाशी चार वाव, म्हणजे वीस-पंचवीस फूट, जागा मोकळी सोडा. "फार मौलिक," म्हणत सल्लागाराने ते पिवळ्या चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी धोंडूचा खोऱ्यासकट फोटो काढायला माणूस पाठवला.

रोझा कपडे आपटता आपटता म्हणाली, "धोंडू रे, फोटो नेल्यानी? आता खोरां पण नेतले."

दोन वर्षांत भिंत उभी राहिली. व्हाळासाठी तिच्यात एक पाइप ठेवला होता. त्यातून रोझाची कोंबडी जेमतेम गेली असती. आणि जिथे बांध फोडला जायचा, बरोबर तिथे चित्रकाराने धोंडू रंगवला. खोरं उगारलेला, खऱ्यापेक्षा चांगला धट्टाकट्टा. खाली लिहिलं होतं, 'लोकसहभागातून'. उद्घाटनाला धोंडूला चित्रापुढे उभं करून हातात नारळ दिला. त्याने पाइपाचं विचारलं, तर अभियंता म्हणाला, हिशेब तपासलेला आहे.

जूनमध्ये तीन दिवस पाऊस लागून राहिला. मंगळवारी दुपारी पाइपात माडाची झावळं आणि हॉटेलांच्या बाटल्या अडकल्या. रोझाने हाक मारली, पण खोरं घालायला वाळूच उरली नव्हती. धोंडू घण घेऊन भिंतीशी गेला, तर रखवालदार आडवा आला. सार्वजनिक मालमत्ता आहे, साहेबांना विचारावं लागेल. साहेब म्हणाले सल्लागाराला विचारा. सल्लागार कुठल्याशा परिषदेत भाषण करत होता. यात तास गेला.

धोंडूने चित्राकडे बोट दाखवलं. "हो कोण?"

"तुमीच, काकानू."

"मगे माका माझेच पाय फोडूक दी."

रखवालदार बाजूला झाला. धोंडूने रंगवलेल्या पायांवर घण घातला. बऱ्याच वेळाने भगदाड पडलं आणि व्हाळ समुद्रात उसळत गेला.

तोवर वाडीत छातीएवढं पाणी चढलं होतं. रोझाने अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला, इनासला, शेजाऱ्यांकरवी माळ्यावर चढवलं होतं. मग खुराड्यातल्या कोंबड्या सोडवायला ती एकटीच खाली उतरली होती. पाणी ओसरल्यावर ती धुण्याच्या दगडाला अडकलेली सापडली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा सभा झाली. चित्राचे पाय नव्याने रंगवायचं एकमताने ठरलं. धोंडू गेला नाही.

रोझा फर्नांडिस, वय एकाहत्तर, मंगळवार १७ जून २०२५ रोजी दुपारी चारच्या सुमारास स्वतःच्या अंगणात बुडून वारली.