हळदीखालचा पिवळेपणा

तिपोरोतुच्या हातची हळद म्हटली की रोटुमा बेटावर तिला तोड नव्हती, आणि हे इतर कुणी सांगायच्या आत ती स्वतःच सांगून मोकळी व्हायची. कंद खणा, किसा, पाण्यात गाळा, तळाशी बसलेला गाळ भाजा. आठवडाभर कंबर मोडून घ्यावी तेव्हा कुठे बशीभर पूड पदरात पडते. लोसाला, तिच्या धाकट्या लेकीला, मुलगा झाला तेव्हा तिनं हात मुळीच आखडता घेतला नाही. बेटाच्या रीतीप्रमाणे खोबरेल तेलात कालवलेली हळद आईला लावली, बाळाला तर टाळूपासून तळव्यापर्यंत माखलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातली नर्स अकाता बाळाला बघायला आली. वयानं नातीएवढी. तिपोरोतु दारातच म्हणाली, "बघ, कसं गुणी पोर आहे! रडणं म्हणून माहीत नाही."

"दूध पितो का?"

"दोन घोट घेतो आणि झोपतो," लोसा चटईवरून म्हणाली. "उठवलं तरी उठत नाही."

अकाताच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. तिनं बाळाच्या नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून पाहिलं. हळदीखाली काही कळेना. मग हलकेच पापणी वर केली. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नव्हता.

"मापिगा, ही हळद काढावी लागेल," ती म्हणाली. बेटावर आजीला अशीच हाक मारतात, आणि आजीही नातवंडाला तशीच.

तिपोरोतुच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पाच दिवस पाणी लावायचं नसतं! तिकडे सुवा शहरात दोन बुकं शिकलीस म्हणून मला शिकवतेस? तुला कुणी माखलं होतं, ठाऊक आहे का? मीच!"

"ठाऊक आहे. रागव माझ्यावर, पण ऐक. गुडघा आपटला की आधी निळं होतं, मग हिरवं, मग पिवळं, हो ना? तिथं साकळलेलं रक्त अंगातल्याच काही पेशी गिळतात आणि फोडतात. लाल रंगाचा हिरवा होतो, हिरव्याचा पिवळा. रक्तातल्या जुन्या लाल पेशींचंही त्या असंच करतात, आपल्या सगळ्यांत, रोज. बाळांकडे रक्त जास्तीचं असतं, आणि एवढा पिवळा रंग बाहेर टाकायला यकृत कोवळं पडतं. बहुतेकांचं आपोआप उतरतं. पण हा दूध सोडून झोपतोय. फार साठलं तर मेंदूत शिरतं."

अकातानं साबणाचं पाणी घेऊन कपडा फिरवला. हळद नुसतीच फिसकटली.

"पाण्यानं नाही जायची ती. सरक," तिपोरोतु म्हणाली. तिनं तेलात बोटं बुडवली आणि आठवडाभराची मेहनत स्वतःच्या हातानं पुसायला घेतली. कपाळ पुसलं, छाती पुसली, पोटऱ्या पुसल्या. अकातानं पुन्हा बोट दाबलं. हळद गेली तरी खालची कातडी पिवळीच होती, गुडघ्यांपर्यंत.

तिपोरोतुनं बाळाचा गुडघा हातात धरला. "माझा पहिला," ती म्हणाली, "काफोआ. तोही असाच झोपायचा. सगळे म्हणायचे, किती शांत बाळ. सहाव्या दिवशी गेला."

त्याला एक्केचाळीस वर्षं झाली होती. लोसानं हे नाव पूर्वी एकदाच ऐकलं होतं, तेही मावशीकडून.

बाळाला तासाभरात दवाखान्यात नेलं आणि कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्याखाली उघडं ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट. लोसा दर दोन तासांनी दूध पिळून चमच्यानं पाजत होती. तिपोरोतु शेजारच्या बाकावर बसली ती हलेचना.

"हळदीनं काही केलं नाही, मापिगा," अकाता तिच्याजवळ येऊन म्हणाली. "हळद वरची. हा रंग आतला."

"ते कळलं गं. पण मी माखून ठेवला आणि मग बघितलंच नाही ना." मग तिनं विचारलं, "काफोआला हेच झालं होतं?"

अकाताला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. "मला माहीत नाही," ती म्हणाली, आणि म्हातारीचे तेलकट हात हातात घेऊन बसली. खोटा दिलासा देणारं काही बोलली नाही, म्हणून तिपोरोतुला ती त्या क्षणी फार आवडली.

"आता काय बघायचं?"

"लंगोट. तो रंग शीतूनच बाहेर पडतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळानं दवाखाना दणाणून सोडला. लोसा धावली, अकाता धावली. तिपोरोतु आधीच उभी होती. लंगोट हिरव्या-पिवळ्या घाणीनं गच्च भरला होता, घाण मांड्यांवरून ओघळत होती.

"अकाता! बघ, बघ किती निघालंय!"

"आई, दे ना इकडे, मी धुते," लोसा म्हणाली.

"थांब जरा."

नळाखाली उभी राहून तिपोरोतु लंगोट धुऊ लागली. पाणी पिवळं जात होतं, मग फिकं, मग स्वच्छ. ती तरीही चोळतच राहिली, आणि एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा काफोआसाठी मोठ्यानं रडली.