बरणीतली अळी

अळ्या मारण्यात अंबादासांची हयात गेली होती. दुबईत अल कुसैसला त्यांची पेस्ट कंट्रोलची कंपनी होती, आणि इमारतींच्या टाक्यांत डोकावून गाळातली लाल अळी हुडकण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. अशा माणसाच्या पोटच्या पोरीने घरात बसून दोऱ्याच्या अळ्या बनवाव्यात, याला काय म्हणायचं!

मिहिकाला गळाने मासे धरण्याचं वेड होतं. तळ्यातले ट्राउट मासे गाळातल्या अळ्या टिपतात, म्हणून गळावर हुबेहूब तशीच अळी बांधायची. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्यांच्या फ्लॅटचं जेवणाचं टेबल तिने कधीच बळकावलं होतं. चिमुकल्या शिकंज्यात गळ अडकवायचा, शेपटीला पिसाचे दोन तंतू बांधायचे, त्यावर लाल रेशीम गुंडाळायचं आणि वरून केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेढे द्यायचे.

ती एवढ्यावर थांबती तर अंबादासांची हरकत नव्हती. पण न्यूझीलंडमधल्या एका तळ्याकाठच्या लॉजने तिला अशाच अळ्या बांधायच्या कामाला बोलावलं होतं. बायको कुमुद वारल्यापासून घरात बाप आणि लेक, तिसरं कोणी नाही. ‘जाऊ नकोस’ म्हणायला त्यांची जीभ रेटेना, म्हणून त्यांनी पळवाट काढली.

“ज्या दिवशी तुझी अळी मला फसवेल, त्या दिवशी खुशाल जा. खलास!”

“बाबा, दॅट्स नॉट फेअर. यू आर द एक्स्पर्ट!”

“म्हणूनच तर.”

ती रोज एक नवी अळी पुढ्यात आणून ठेवी. ते चष्मा न लावताच म्हणत, “मान फार जाड झाली. पुन्हा बांध.” ती निमूटपणे ब्लेडने सगळं सोडवून पुन्हा बसे. अंबादासांना वाईट वाटे, आणि पोर अजून घरात आहे याचं बरंही वाटे.

रविवारी दुपारी मिहिका बाहेर गेली होती. चहाचं आधण ठेवताना त्यांना ओट्यावर पाण्याने अर्धी भरलेली काचेची बरणी दिसली. तळाशी वाळू, वाळूत अर्धवट रुतलेली लाल अळी. त्यांनी काचेवर टिचकी मारली तशी अळी वळवळली. अंबादासांचं पित्तच खवळलं. नमुन्यासाठी पोरीने खरी अळी पाळली की काय, तीही पेस्ट कंट्रोलवाल्याच्या घरात? चहाचं उकळतं पाणी त्यांनी सरळ बरणीत ओतलं.

अळी मेली नाही, आखडलीही नाही. नुसती डुलत राहिली. चिमट्याने बाहेर काढून हातात घेतली तर बोटात गळ रुतला. बांधलेली अळी पाण्यात कशी बुडते ते बघायला मिहिकाने ती बरणीत सोडली होती.

ते खुर्चीत बसले. पाहणारं कोणी नव्हतं. गळ परत टाकून गार पाणी भरलं की झालं. त्यांनी तसं केलंही. मग बराच वेळ बरणीकडे बघत राहिले. एवढी सुरेख कारागिरी आपल्या लेकीची, आणि आपण ती दडवायला निघालो, याची त्यांना शरम वाटली.

संध्याकाळी दारात किल्ली फिरली.

“मिहू,” ते बसल्या जागेवरूनच म्हणाले, “तुझ्या अळीवर मी उकळतं पाणी ओतलं.”

“व्हॉट? बट व्हाय?”

“खरी वाटली.”

ती चप्पल काढता काढता थांबली. चेहरा उजळला, आणि बापाकडे बघताच तिचे डोळे भरून आले. “बाबा, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधी...”

“तिकडे थंडी किती असते गं?” अंबादासांनी विचारलं.