डाळिंबांचा धडा

शनिवारी दुपारी तीन वाजता प्राध्यापकांचा ज्ञान-देवाणघेवाणीचा तास असायचा. म्हणजे फलक लावायचा, सह्या करायच्या, तपासणी समितीच्या फायलीसाठी फोटो काढायचा आणि चहा पिऊन घरी जायचं. सोलापुरातल्या त्या कॉलेजात चार वर्षं असंच चाललं होतं. फाईल वनस्पतिशास्त्राच्या गुरुशांत सरांकडे होती. त्यांनीही कधी वेगळं काही केलं नव्हतं.

या शनिवारी मात्र त्यांनी सह्यांचा कागद घडी करून खिशात घातला.

"फोटो उरका की सर, चहा निवायला लागलाय," भौतिकशास्त्राचे सयाजी सर म्हणाले.

"आधी तास. मग बघू."

"कुणाचा?"

"माझा. मला शिकवता न येणाऱ्या धड्याचा."

फेब्रुवारीत त्यांची बायको श्रीदेवी गेली. शेजारच्याच वर्गात ती बावीस वर्षं संख्याशास्त्र शिकवायची. वनस्पतिशास्त्राच्या पोरांचा तिचा तास आता सरांकडे आला होता. आकडे सरासरीपासून किती पांगलेत ते मोजायचं, एवढाच धडा. तीनदा शिकवला. पोरं सूत्र घोकत होती आणि कोरीच राहत होती.

त्यांनी फळ्यावर सूत्र लिहिलं, समजावू लागले आणि निम्म्यात अडकले.

"उडालेली झोप परत आली बघा," सयाजी सर म्हणाले. मग जरा हळू विचारलं, "मॅडम कशा शिकवायच्या?"

"माहीत नाही. मधे एक भिंत होती. एकदाही जाऊन बसलो नाही. या धड्याला पिशवीभर डाळिंबं न्यायची, एवढं ठाऊक. मी म्हणायचो, खाऊ घालून पास करतेस व्हय पोरांना?"

"ती खायला नव्हती, सर," मागून ऋतुजा म्हणाली.

ऋतुजा श्रीदेवीचीच विद्यार्थिनी. आता इथेच तासिका तत्त्वावर शिकवत होती, दर जूनला नव्यानं बोलावलं तरच. सगळे तिच्याकडे वळले.

"सांग की," गुरुशांत सर म्हणाले.

"सांगते. पण माझ्यापाशी एवढंच आहे, सर. ते सगळ्यांना आलं तर जूनमध्ये मला कशाला बोलावतील?"

गुरुशांत सरांनी खिशातला कागद काढला, वर ऋतुजाचं नाव लिहिलं आणि तिला दाखवलं.

"धडा तुझ्या नावानं फायलीत जाईल. जूनमध्ये तुझ्यासाठी मी प्राचार्यांकडे जाणार. बोलावतीलच असं म्हणत नाही. जाणार, हे नक्की."

तिनं कागदावरचं आपलं नाव वाचलं. मग उठली आणि आधी सरांचं सूत्र पुसलं.

"सांगोल्याच्या डाळिंबांच्या दोन पेट्या. सरासरी वजन दोन्हींत तीनशे ग्रॅम. एकीतली सगळी फळं तीनशेच्या आसपास. दुसरीत कुठलं दीडशेचं, कुठलं साडेचारशेचं. मॅडम पोरांनाच वजन करायला लावायच्या. मग विचारायच्या, व्यापारी कुठली उचलेल? पोरं ओरडायची, पहिली! मग मॅडम म्हणायच्या, सरासरी तर एकच, मग का? ते आकड्यात सांगा. सूत्र सगळ्यात शेवटी."

गुरुशांत सर मागच्या बाकावर बसून शब्द न् शब्द उतरवून घेत होते. मधे दोनदा त्यांनी चष्मा पुसला, पण लिहायचं थांबवलं नाही.

"आता फोटो?" सयाजी सरांनी विचारलं.

"नको. पुढच्या शनिवारी तुम्ही. न जमणारा धडा घेऊन या."

"मला सगळे जमतात की."

"मग तुमच्या पोरांना विचारून या."

सोमवारी सकाळी सर पिशवी घेऊन मंडईत गेले.

"एकसारखी निवडून देते, सर," फळवाली म्हणाली.

"निम्मी एकसारखी द्या," ते म्हणाले. "निम्मी लहानमोठी."