चौदा खिडक्यांची कविता

मी एक जुनी स्टिक आहे. लोखंडाची, वीतभर लांबीची, एका बाजूनं उघडी. मित्रांनो, पुस्तकं हातानं जुळवून छापली जात, तेव्हा जुळारी मला डाव्या तळहातावर धरायचा. शिशाची उलटी अक्षरं, म्हणजे खिळे, एकेक उचलून माझ्यात ओळीनं बसवायचा. माझ्या जुळाऱ्याला छापखान्यात सगळे काका म्हणत. कधी चूक निघालीच, तर मालक ओरडायचे आणि काका हसून म्हणायचे, "उलटं वाचता वाचता आमचं डोकंही उलटं झालंय, मालक!"

एकदा एक कवी आपला संग्रह घेऊन आले. चंद्र, झरे, पाखरं यांच्यावर लिहून त्यांनी नाव कमावलं होतं. आता त्यांनी शहरातल्या गरिबांवर लिहिलं होतं. माणूस मनानं चांगला होता, खोटं कशाला सांगू? एक कविता सूतगिरणीमागच्या गल्लीतल्या मुलीवर होती. ती नळावरच्या रांगेत उभी राहून गुणगुणते आणि तिच्या फिकट गालांवर चांदणं उतरतं, असं त्या कवितेत होतं. ती ओळ जुळवताना काकांचा हात मध्येच थांबला.

कवी मुद्रितं तपासायला आले, तेव्हा काकांनी मला खाली ठेवलं.

"साहेब, तिच्या खांद्यावर निळी शाल होती का? एका टोकाला जळलेली?"

"हो! तुम्ही ओळखता तिला?"

"माझी मुलगी आहे. ती गुणगुणत नव्हती, साहेब. तिला धाप लागते. छातीतून आवाज येतो तो."

कवींचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "मला न्याल तिच्याकडे?"

काकांनी मला सवयीनं खिशात टाकलं आणि आम्ही निघालो. एकच खोली. मुलगी भिंतीला टेकून बसली होती, कारण आडवं झालं की तिचा श्वास कोंडायचा. तिनं गिरणीत जाणं सोडून महिना झाला होता. कवी समोरच्या पेटीवर अवघडून बसले.

"तुला काय हवंय?" त्यांनी विचारलं.

"खिडक्या उघडायला सांगा."

"कुठल्या?"

"गिरणीतल्या. वाऱ्यानं सूत तुटतं म्हणून खिळे ठोकलेत. कापूस सगळा आमच्या छातीत जातो."

आठवड्याभरात कवींनी नवी कविता आणली. तिच्यात चंद्र नव्हता. बारा बंद खिडक्या होत्या आणि आत खोकणाऱ्या बायका होत्या. काकांनी ती जुळवली आणि छापून पाहिलेला कागद घरी जाऊन मुलीला वाचून दाखवला. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"बाबा, बारा नाहीत. चौदा आहेत. दोन यंत्रांमागे आहेत, त्या बाहेरून दिसत नाहीत."

दुसऱ्या दिवशी काकांनी आल्या आल्या 'बारा'चे खिळे काढले आणि 'चौदा'चे बसवले. मी इतकी वर्षं ओळी सांभाळल्या, पण इतकी जड ओळ कधी पेलली नव्हती.

पण गिरणीची सगळी लेबलं आमच्याकडेच छापली जात. मालकांनी हात जोडले. "ही कविता छापली तर माझा छापखाना बसेल!" कवींनी थोडा वाद घातला, मग मान खाली घातली. संग्रहात चांदण्याचीच कविता गेली.

काकांनी जेवणाच्या सुट्टीत खिडक्यांची कविता स्वतः छापली. पन्नास कागद. ते गिरणीच्या फाटकावर डकवले. वाचता येणाऱ्या एका बाईनं ती मोठ्यानं वाचली, बाकीच्या ऐकत उभ्या राहिल्या. व्यवस्थापकानं कागद फाडले. त्याच दिवशी काकांची नोकरी गेली. निघताना त्यांनी मला शर्टाच्या आत लपवलं.

बायका आठवडाभर कामावर गेल्या नाहीत. आठव्या दिवशी सहा खिडक्यांचे खिळे निघाले. काका धावत घरी आले.

"उघडल्या गं! सहा उघडल्या!"

मुलीनं मोठ्या कष्टानं विचारलं, "माझ्या यंत्राजवळची उघडली का?"

"हो," काका म्हणाले. त्यांना ते माहीत नव्हतं.

चार दिवसांनी ती गेली.

मित्रांनो, मी आता गंजले आहे. मला घासूनपुसून ठेवा, असा माझा हट्ट नाही. तुम्हाला कधी कुणाच्या दुःखावर लिहावंसं वाटलं, तर जरूर लिहा. फक्त आधी त्या माणसाच्या घरी जा, मिळेल त्या जागेवर बसा, आणि तो बोलू लागला की मध्ये बोलू नका.